पाऊस डोळखांबला, केळी रावेरला: ‘हवामान’ या उत्तरावर का थांबायचं नाही

पेट पास झालात, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय आणि तिसऱ्या खर्ड्यावरही गाईड विचारतायत, “विषय कळला, पण तुमचा प्रश्न काय?” अशा सगळ्यांसाठी ही पोस्ट आहे. ‘अमुक तालुक्यातील तमुक पिकाचा ऐतिहासिक अभ्यास’ हा विषय झाला. त्यातून प्रश्न कसा काढायचा, हे आज एका उदाहरणातून बघू. उदाहरण केळीचं आहे.

आधी दोन जागा डोळ्यांसमोर आणा. पहिली डोळखांब. ठाणे जिल्हा, शहापूर तालुका, सह्याद्रीच्या पायथ्याचा भाग, मागे आजोबाचा डोंगर. इथं वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दुसरी जागा जळगाव जिल्ह्यातला रावेर-यावल पट्टा. तिथं पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान दहाच्या खाली उतरतं. केळीच्या बागेला वर्षभरात साधारण १८०० ते २००० मिलिमीटर पाणी लागतं. आता सांगा, केळीचं नाव कुणाच्या नावाला जोडलंय? भौगोलिक मानांकन ‘जळगाव केळी’ला मिळालं, २०१६ मध्ये. डोळखांबचं नाव घेतलं की भात, नागली, वरई आठवते. केळ आठवते ती फार तर घरामागच्या न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली एखादी.

म्हणजे ज्या पिकाला पाणी लागतं ते कमी पावसाच्या जिल्ह्यात वाढलं आणि भरपूर पावसाच्या तालुक्यात ते परसाच्या बाहेर आलं नाही. असं का? हा झाला प्रश्न. लक्षात घ्या, यात ‘अभ्यास’ हा शब्दच नाही. दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, एवढंच आहे. चांगला संशोधनप्रश्न बहुतेक वेळा अशा न जुळणाऱ्या गोष्टींतूनच निघतो.

केळ स्वतःहून कुठंच जात नाही

इतिहासाच्या विद्यार्थ्यानं वनस्पतिशास्त्र किती वाचायचं? आपल्या प्रश्नाला लागेल तेवढं. केळीबाबत तीन गोष्टी पुरतात.

एक, आपण खातो त्या केळीत बी नसतं. ती मुनव्यांपासून किंवा कंदापासून लावावी लागते, आणि आता प्रयोगशाळेतल्या ऊतिसंवर्धित रोपांपासून. पक्षी बी टाकून गेला आणि बाग उगवली, असं तिच्या बाबतीत होत नाही. म्हणून जिथं जिथं गोड केळीची बाग दिसते तिथं कुणीतरी, केव्हातरी, काहीतरी ठरवून कंद नेलेला असतो. पापुआ न्यू गिनीतल्या कुक इथं सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या केळी लागवडीचे पुरावे मिळाले आहेत. तिथून पुढचा केळीचा सगळा प्रवास माणसाच्या हातून झालाय. त्यामुळे ‘केळी इथं का आहे’ हा इतिहासाचा प्रश्न ठरतो.

दोन, केळीला विश्रांती चालत नाही. आंबा-चिंच उन्हाळा काढतात, भात चार महिन्यांत आटोपतं. केळ मात्र बाराही महिने पाणी मागते. तापमान १२ अंशांच्या खाली गेलं की तिची वाढ जवळजवळ थांबते आणि ३८च्या वर गेलं की पानं ताण दाखवू लागतात.

तीन, ‘उष्ण कटिबंध’ हा शब्द नकाशावर वेगळा आणि शेतात वेगळा असतो. जळगाव जिल्हा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणजे नकाशाप्रमाणं उष्ण कटिबंधात. पण तिथलं हवामान निमकोरडं, कडक उन्हाळ्याचं आणि बोचऱ्या थंडीचं आहे. केळीचे रानटी पूर्वज ज्या दमट जंगलांत वाढले त्याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. सिनॉप्सिसमध्ये असा एखादा शब्द वापरताना तो कोणत्या अर्थानं वापरताय ते पहिल्याच पानावर लिहा. आरआरसीमध्ये निम्मे प्रश्न तिथूनच येतात.

चवई काय करते ते बघा

डोळखांबच्या बाजूच्या डोंगरांवर केळीची एक नातेवाईक रानात वाढते. तिला कुणी चवई म्हणतं, कुणी चवेणी, कुणी कवदर, कुणी सरळ रानकेळ. शास्त्रीय नाव एन्सेट सुपर्बम. पहिला पाऊस झाला की कड्याकपारीतून तिची मोठाली पानं वर येतात. कोवळं बोंड रानभाजी म्हणून खातात. फळात गर कमी आणि काळ्या टणक बियाच जास्त.

पावसाळा संपला की चवईची पानं वाळून गळतात. उन्हाळ्यात खडकात फक्त फुगलेला बुंधा आणि कंद उरतो. पुढच्या पावसाला ती पुन्हा पालवते. काही वर्षं असं करून एकदाच फुलते, बिया टाकते आणि मरते. तिला मुनवे फुटत नाहीत.

आठ महिने कोरड्या जाणाऱ्या डोंगरात जगायचं तर हाच मार्ग आहे: उन्हाळ्यात दिसायचंच नाही. बागेतल्या केळीला हे जमत नाही. त्यामुळे कोरड्या ऋतूत तिच्यासाठी दुसऱ्या कुणाला तरी राबावं लागतं, मग तो माणूस असो, बैल असो, नाहीतर मोटर. हे ‘दुसरं कुणीतरी’ कोण आणि त्याला पाणी कुठून मिळतं, एवढं विचारलं की आपला प्रश्न वनस्पतिशास्त्रातून बाहेर पडून इतिहासात येतो.

आपला प्रश्न जगात कुणाला पडलाय का?

लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे वीस पुस्तकांचे वीस परिच्छेद, हा समज सोडून द्या. रिव्ह्यूमध्ये बघायचं एवढंच, की आपल्यासारखा प्रश्न दुसरीकडे कुणाला पडला होता आणि त्याचं त्यांनी काय केलं.

दमट प्रदेशाबाहेर केळी फळाला आणण्याची खटपट जुनी आहे. बाराव्या शतकाच्या शेवटी स्पेनमधल्या सेव्हिलचा इब्न अल-अव्वाम शेतीवर मोठा ग्रंथ लिहितो आणि त्यात केळीच्या लागवडीचीही माहिती देतो. सेव्हिल ३७ उत्तर अक्षांशावर आहे, आपल्या श्रीनगरच्याही उत्तरेला. केळी, ऊस, लिंबू, वांगं अशी पिकं इस्लामी राजवटींच्या काळात भारताकडून भूमध्य समुद्राकडे कशी सरकली, यावर अँड्र्यू वॉटसन यांनी १९७४ मध्ये लेख आणि १९८३ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा असा, की नुसतं रोप नेऊन भागत नाही. त्याबरोबर सिंचनाचं तंत्र, जमिनीची व्यवस्था आणि खाणारं शहरही लागतं. २००९ मध्ये मायकेल डेकर यांनी या मांडणीवर बोट ठेवलं. वॉटसन यांच्या यादीतली कापूस, भात यांसारखी काही पिकं त्या भागात आधीपासून माहीत होती, असं त्यांनी दाखवलं. हे दोघं एकत्र वाचा. मोठी मांडणी कशी उभी राहते आणि एकेक पीक सुटं तपासल्यावर ती कुठं हलते, हे एकाच वेळी दिसेल.

दुसरं उदाहरण कॅनरी बेटांचं. ही बेटं साधारण २८ उत्तर अक्षांशावर, म्हणजे जवळपास दिल्लीच्या रेषेत आहेत. किनाऱ्यावर पाऊस तुटपुंजा. तरी तिथं केळीचा मोठा धंदा उभा राहिला, कारण लोकांनी डोंगरात आडवे बोगदे खणून पोटातलं पाणी बाहेर काढलं. स्पॅनिश इतिहासकार ओव्हिएदो सांगतो, की १५१६ मध्ये फ्राय तोमास दे बेरलांगा यानं याच बेटांवरून केळीचे कंद कॅरिबियनमधल्या हिस्पानिओला बेटावर नेले. आज अमेरिका खंडातल्या उष्ण देशांची केळी जगभर जाते, पण तिचा एक जुना धागा उष्ण कटिबंधाबाहेरच्या बेटांवर निघतो.

तिसरं उदाहरण काचघरांचं. १७३६ मध्ये लिनियसनं हॉलंडमधल्या हार्टेकाम्प बागेत फुललेल्या केळीवर एक अख्खी पुस्तिका लिहिली. पुढं १८३०च्या दशकात इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थला ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा माळी जोसेफ पॅक्स्टन यानं मॉरिशसहून आलेली बुटकी केळ काचघरात फळाला आणली. ड्यूकचं घराणं कॅव्हेंडिश, म्हणून ती केळ ‘कॅव्हेंडिश’. आपल्याकडची बसराई याच गटातली. रावेरच्या शेतात आज दिसणारी ग्रँड नैन हीसुद्धा कॅव्हेंडिश गटातलीच.

या तिन्ही उदाहरणांत हवामान प्रतिकूल होतं आणि तरी केळी फळली. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी उणीव भरून काढली: सेव्हिलला सिंचनानं, कॅनरीत बोगद्यांनी, चॅट्सवर्थला कोळशाच्या उबेनं. खर्च कुणी केला आणि केळं कुणी खाल्लं, हे तिन्हीकडे वेगळं आहे. आता हाच चष्मा घालून घरी येऊ.

रावेर-यावल: उणीव कशी भरली

पहिली गोष्ट जमिनीखालची. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. त्यात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरात जेमतेम साठतं. तापी-पूर्णेचं खोरं याला अपवाद आहे. तिथं नदीनं आणलेल्या गाळाचे खोल थर आहेत. सातपुड्याच्या पायथ्याला गोटे-वाळूचा पट्टा आहे. डोंगरावरून उतरणारं पाणी तो झटकन पिऊन घेतो आणि खालच्या विहिरींना पुरवतो. पाऊस कमी, पण पडलेला पाऊस सापडण्यासारख्या जागी साठतो.

आता इथं थोडं थांबा. ‘गाळ होता म्हणून केळी आली’ असं लिहायचा मोह होईल. पण गाळ हजारो वर्षांपासून आहे आणि केळीचा मोठा विस्तार विसाव्या शतकातला. शिवाय त्याच जिल्ह्यात कापूसही भरपूर होतो. म्हणजे गाळानं केळी शक्य केली, पण केळीच लावा असं सांगितलं नाही. आवश्यक अट आणि पुरेसं कारण यांतला हा फरक तुमच्या प्रबंधात पाच-पन्नास वेळा लागणार आहे.

दुसरी गोष्ट रेल्वे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६०च्या दशकात खानदेशात पोचली आणि भुसावळ मोठं जंक्शन झालं. रावेर, सावदा, निंभोरा ही स्टेशनं भुसावळ-खंडवा मार्गावर आहेत. केळं नाशवंत, ते कच्चं काढून पिकायच्या आत गिऱ्हाइकापर्यंत पोचवायचं असतं. या मार्गामुळे उत्तरेची, मुख्यतः दिल्लीची बाजारपेठ जवळ आली. माल भरण्यासाठी आणि वॅगन मिळवण्यासाठी शेतकऱ्यांनी गावोगावी फ्रूट सेल सोसायट्या काढल्या. अगदी अलीकडे किसान रेलनंही सावदा-रावेरहून दिल्लीकडे केळी गेली.

तिसरी गोष्ट कॅलेंडर. खानदेशात केळीची लागण मुख्यतः दोन हंगामांत करतात: जून-जुलैची मृगबाग आणि ऑक्टोबरच्या आसपासची कांदेबाग. लागणीचा महिना बदलला की निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, कोणत्या ऋतूत येईल तेही बदलतं. ऐन थंडीत निसवण आली तर घड बुंध्यातच अडकतो आणि फण्या वेड्यावाकड्या येतात. थंडीनं पानांवर-फळांवर उठणाऱ्या डागांना शेतकरी ‘चरका’ म्हणतात. त्यावर उपाय ठरलेले: पहाटे विहिरीचं कोमट पाणी द्यायचं, बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा, घड झाकायचे. उन्हाळ्यात उलटं. गरम वाऱ्यानं पानं फाटतात म्हणून बागेच्या कडेला शेवरी किंवा उंच गवताचं कुंपण लावायचं. उष्ण कटिबंधाबाहेरचे केळी उत्पादकही हेच करतात. थंडी टाळता येत नाही म्हणून ते लागणीची तारीख आणि राखायचा मुनवा यांच्याशी खेळतात.

चौथी गोष्ट ठिबक आणि टिश्यू कल्चर. जळगावातच भवरलाल जैन यांच्या कंपनीनं १९८०च्या दशकापासून ठिबक सिंचन रुजवलं आणि १९९०च्या दशकात ग्रँड नैनची ऊतिसंवर्धित रोपं आली. सारख्या वयाची रोपं म्हणजे सारख्या वेळी निसवण. कॅलेंडरवरची पकड त्यानं आणखी घट्ट झाली.

या सगळ्याची किंमतही आहे. रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखले जातात. विहिरी खोल गेल्या, मग बोअर आले, मग बोअरही खोल गेले. कमी पावसाच्या जागी केळी फळाला आणण्याचं श्रेय शेतकऱ्याच्या कौशल्याला द्या, पण त्या केळीबरोबर जमिनीखालचं किती पाणी दिल्लीला गेलं, हेही विचारा.

डोळखांब: मग इथं काय झालं?

समाजशास्त्रात तुलनेची एक जुनी पद्धत आहे. जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ मध्ये ती नीट मांडली. दोन उदाहरणांत बाकी सगळं सारखं असेल आणि एकच गोष्ट वेगळी असेल, तर निकालातल्या फरकाचं कारण त्या गोष्टीत शोधा. प्रत्यक्षात ‘बाकी सगळं सारखं’ कधीच नसतं. पण पद्धत म्हणून ती कामाची आहे, कारण खोटी उत्तरं ती पटकन बाद करते.

पहिलं उत्तर रेल्वेचं. रेल्वेमुळे केळी आली म्हणावं, तर तीच रेल्वे शहापूर तालुक्यातून जाते. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा, मग थळ घाट चढून नाशिक आणि पुढं भुसावळ. घाटातला मार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. मुंबईची बाजारपेठ शहापूरला रावेरपेक्षा कितीतरी जवळ. डोळखांब स्टेशनापासून आत आहे हे खरं, पण तालुक्यात रेल्वे असूनही केळीचा पट्टा झाला नाही. म्हणजे रेल्वे एकटी पुरत नाही.

दुसरं उत्तर हवामानाचं. आता तिसरी जागा मध्ये आणू: वसई. आज वसई पालघर जिल्ह्यात आहे, पण २०१४ पर्यंत ती ठाणे जिल्ह्यातच होती. तिथंही दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तोही चारच महिने. तरी वसईच्या वाड्यांत पिढ्यान् पिढ्या केळी झाली. तिथली राजेळी आणि तिची सुकेळी मुंबईकरांना माहीत आहेत. फरक पाण्याच्या साठ्याचा. वसईच्या रेताड किनारपट्टीत थोडं खणलं की गोडं पाणी लागायचं. लोकांनी विहिरी काढल्या, बावखलं राखली, रहाट बसवले. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. वाडवळांच्या वाड्या उन्हाळ्यात जगल्या त्या याच पाण्यावर.

डोळखांबच्या बाजूला खडक वर आणि माती पातळ. पाऊस धो-धो पडतो आणि धावत खाली जातो. भात निघालं की ओढे मंद होतात आणि होळीपर्यंत विहिरींचा तळ दिसायला लागतो. इथवर भूगोलानं उत्तर दिलं. पण ते अर्धंच आहे.

कारण शहापूर तालुक्यात पाणी साठतं. भरपूर साठतं. तानसा तलाव १८९२ मध्ये पूर्ण झाला, तो मुंबईसाठी. पुढं भातसा धरण झालं. मुंबईला रोज मिळणाऱ्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसातून जातं. आणि याच तालुक्यात दर उन्हाळ्यात गावपाड्यांना टँकरनं पाणी पुरवावं लागतं, ही बातमी तुम्ही कित्येक वर्षं वाचताय. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी वस्त्यांतल्या बायका हंडे घेऊन चालतात आणि काही किलोमीटरवर धरण भरलेलं असतं.

म्हणून ‘डोळखांबला केळी का नाही’ या प्रश्नाचं उत्तर ‘तिथलं हवामान’ असं देणं नुसतं अपुरं नाही. ते सोयीचंही आहे. हवामानाला कुणी जाब विचारत नाही. पाणी कुठं साठवायचं, कुणासाठी साठवायचं, वरकस आणि जंगलाची जमीन कुणाच्या नावावर राहील, हे निर्णय माणसांनी घेतले आणि त्यांच्या तारखा कागदावर आहेत. कोरड्या रावेरमध्ये शेतकऱ्याच्या हातात विहीर होती. ओल्या डोळखांबमध्ये पाऊस होता, पण मे महिन्यातलं पाणी हातात नव्हतं.

इथं एक पथ्य पाळा. ‘भातसाचं पाणी मिळालं असतं तर डोळखांबला केळीच्या बागा झाल्या असत्या’ असं लिहू नका. तो अंदाज झाला. जमिनीचा पोत, भांडवल, मजुरीसाठी होणारं स्थलांतर, भाताची घरची गरज, असं बरंच काही मध्ये येतं. पुराव्यानं इतकंच म्हणता येतं, की पावसाचा आकडा हा फरक समजावून सांगू शकत नाही. उन्हाळ्यातलं पाणी आणि त्यावरचा हक्क तो बराचसा समजावतो. प्रबंधाला इतकं विधान पुरे असतं.

कागदात केळी कुठं शोधायची

आता हातानं करायचं काम. ज्यांना शेतीच्या इतिहासावर काम करायचंय त्यांनी पुढचे मुद्दे वहीत उतरवून ठेवा.

१. नावं बदलतात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये केळी ‘प्लँटेन’ या नावाखाली मिळेल. खानदेशचा खंड १८८०चा, ठाण्याचा १८८२चा आणि दोन भागांत. पोर्तुगीज साधनांत तर केळ्याला ‘अंजीर’ म्हटलंय. गार्सिया द ओर्ताचं गोव्यात १५६३ मध्ये छापलेलं पुस्तक उघडलंत तर ‘भारतातलं अंजीर’ म्हणजे आपलं केळं, हे ध्यानात ठेवा.

२. जिल्हे बदलतात. १९०६ मध्ये खानदेशचे दोन भाग झाले, त्यातला पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव. त्या काळातली कागदपत्रं ‘जळगाव जिल्हा’ म्हणून शोधाल तर हाती फार थोडं लागेल. वसईचे जुने कागद ठाण्याच्या नावानं मिळतील.

३. पिकाआधी पाणी शोधा. जुन्या महसुली भाषेत देशावर ‘मोटस्थळ’ म्हणजे विहिरीचं आणि ‘पाटस्थळ’ म्हणजे पाटाचं बागायत. कोकणच्या बाजूला भातजमीन, वरकस आणि बागायत अशी प्रतवारी. एखाद्या गावात बागायत किती, हे कळलं की केळी शक्य होती का, याचं अर्धं उत्तर मिळतं. सातबाराच्या पीकपाहणीत सिंचनाच्या साधनाचीही नोंद असते. ती वाचायला शिका.

४. वाणांची नावं पुरावा असतात, पण कच्चा. बुटक्या कॅव्हेंडिशला आपल्याकडे बसराई, आसामात जहाजी, दक्षिणेत मॉरिशस म्हणतात. ही नावं समुद्रमार्गाकडे बोट दाखवतात. पण फक्त नावावरून प्रवासाचा मार्ग काढू नका. व्यापारी नावं चिकटवतात, लोक बदलतात. दुसरा पुरावा मिळेपर्यंत ते ‘शक्यता’ या खात्यात राहू द्या.

५. ताजे कागदही साधन असतात. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी कमी तापमान, जास्त तापमान आणि वेगाचा वारा हे धोके धरलेत. ‘जळगावचं हवामान केळीला प्रतिकूल आहे’ हे यापेक्षा स्पष्ट कुठं लिहिलेलं मिळणार?

६. जे नाही, त्याचीही नोंद करा. केळी जिथं आहे तिथं अहवाल, सोसायट्यांचे जमाखर्च, रेल्वेचे आकडे, सगळं मिळतं. जिथं नाही तिथं कागद गप्प असतात. म्हणून शोधनिबंध पिकणाऱ्या जिल्ह्यांवरच होत राहतात आणि डोळखांबसारख्या जागा रिव्ह्यूमध्ये येतच नाहीत. अशा ठिकाणी म्हाताऱ्या माणसांशी बोलणं, विहिरींची यादी करणं, कोणत्या विहिरीला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असायचं ते विचारणं, हेच अभिलेखागार.

आता तुमचं काम

तुमचा विषय केळी नसेलच. नाचणी असेल, विडी कामगार असतील, एखादी देवराई असेल. एका कागदावर चार ओळी लिहा. पहिल्या ओळीत: माझ्या विषयात कोणत्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत? दुसऱ्या ओळीत: याचं सगळ्यांना पटणारं सोपं उत्तर कोणतं? तिसऱ्या ओळीत: ते उत्तर खोटं पाडेल असं तिसरं ठिकाण कोणतं? (आपल्याला वसई मिळाली.) चौथ्या ओळीत: सोपं उत्तर मान्य केलं तर कुणाला जाब द्यावा लागत नाही?

चौथी ओळ कोरी राहिली तरी सिनॉप्सिस मंजूर होईल. पण ती भरता आली, तर तीन-चार वर्षं या विषयाबरोबर का राहायचं, हे तुमचं तुम्हालाच कळेल. दुपारी दोनला, लाईट गेलेल्या अभिलेखागारात, वाळवी लागलेली फाईल पुढ्यात असताना ते कळलेलं बरं असतं.

पुढच्या वेळी महसुली कागदांतल्या प्रतवारीबद्दल सविस्तर बोलू. तोवर आपल्या गावचा एक जुना सातबारा मिळवा आणि त्यात पाण्याबद्दल काय लिहिलंय ते शोधून ठेवा.